स्वतःच्या निरोपाला दिलेली वर्गणी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, मुख्य कार्यालयातून मुद्दाम वेळ काढून आलेले आपले माजी संचालक. व्यासपीठावर विराजमान असलेले शाखा व्यवस्थापक साहेब आणि एचआर मॅडम. ज्यांच्यासाठी हा हॉल सजला आहे त्या आपल्या सर्वांच्या हॅलोताई. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंच्या थोरल्या भगिनी. आणि माझे सहकारी, म्हणजे लिफ्ट बसवणारे, लिफ्ट दुरुस्त करणारे आणि लिफ्ट का बंद पडली याचे खुलासे लिहिणारे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी आपल्या कंपनीत लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनची यंत्रणा बघते. भाषणं करणं हे माझं काम नाही. तरी साहेबांनी मला निवडलं, आणि का निवडलं तेही स्वच्छ सांगितलं. म्हणाले, "तू मोजकं बोलतेस. पाच मिनिटांत आटपशील." एचआर मॅडमनी सोबत मुद्द्यांचा एक कागद दिला. मी त्यांची आभारी आहे. त्यात तीन मुद्दे होते: ताईंचा मनमिळाऊ स्वभाव, ताईंची अथक सेवा, आणि ताईंनी हसतमुखाने स्वीकारलेली स्वेच्छानिवृत्ती. मला कोणतीही जोडणी तपासल्याशिवाय चालू करायची सवय नाही. पहिले दोन मुद्दे बरोबर निघाले. तिसरा तपासायला मी ताईंकडे गेले, आणि त्यामुळे आज पाच मिनिटांत आटपणार नाही. त्याबद्दल अध्यक्ष महोदयांची आधीच क्षमा मागते.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपण बसवलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये एक लाल बटण असतं. लिफ्ट अडकली की माणूस ते दाबतो, आणि कँटीनशेजारच्या, खिडकी नसलेल्या एका खोलीत फोन वाजतो. तो ताई उचलतात. मेकॅनिक पोहोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हे त्यांचं काम. लाइन स्वच्छ आहे की नाही हे तपासायला मला कॉलची रेकॉर्डिंग ऐकावी लागतात, त्यामुळे ताईंचं काम मी जितकं ऐकलंय तितकं या हॉलमध्ये कुणी ऐकलं नसेल.

एकदा एका मोठ्या कार्यालयातले गृहस्थ अडकले. आवाजावरूनच कळत होतं की यांना वाट बघायची सवय नाही.

"मी कोण आहे माहितीये का तुम्हाला?"

"हो साहेब. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये आहात ते."

"मला पाच मिनिटांत मीटिंगला पोहोचायचंय!"

"पोहोचाल. आधी खाली बसा बघू. सूट मळेल म्हणून उभे राहू नका, ड्रायक्लीनर आहेत जगात. बसलात?"

मग, बराच खाली आलेला आवाज: "बसलो."

आणि मग ताई त्यांना तेच सांगतात, जे त्या प्रत्येकाला सांगतात: दार ओढू नका. अडकलेली लिफ्ट कुणाला मारत नाही. जो घाबरून दार उघडून दोन मजल्यांच्या मधून बाहेर उतरायला जातो, तो पडतो. मदत येतेय, तोवर काहीही करू नका.

टाळ्या वाजवल्यात, छान वाटलं. ताईंच्या सेवेचा मुद्दा इथे पूर्ण झाला असं समजा.

आता कानाबद्दल. लाल बटण दाबलं की माणसाचा आवाज येण्याआधी हेडसेटमध्ये एक धोक्याचा सूर वाजतो. तो गरजेपेक्षा बराच मोठा आहे. मी तो मोजला आहे, मोजून लेखी कळवलं आहे, आणि आवाज मर्यादेत ठेवणारा एक छोटा भाग बसवावा असं सुचवलं आहे. तो भाग माझ्या तळहातावर मावतो. मला पोच मिळाली. भाग मिळाला नाही. ताई हेडसेट उजव्या कानाला लावतात, आणि आज त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डावा कान ठणठणीत आहे. हेडसेटची बिजागरी फिरवली की तो डाव्या कानालाही लागतो. मी फिरवून बघितली. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

एवढं साधं होतं. पण आपल्याकडे साधं काही करायचं म्हटलं की आपण आधी समिती नेमतो.

अध्यक्ष महोदय, आपल्या शाखेची एक पद्धत आहे, ती मुख्य कार्यालयात ठाऊक नसावी. इथे कुणाला जायला सांगायचं असेल तर त्याला सरळ कुणी सांगत नाही. आधी वर्गणीचं पाकीट फिरतं. मग फलकावर समारंभाची तारीख लागते. मग केक सांगितला जातो. या सगळ्यानंतर एचआर त्या माणसाला बोलावतं, आणि तोवर बिचाऱ्याला वाटायला लागतं की आपण गेलो नाही तर लोकांचा केक वाया जाईल.

ताईंना हे कसं कळलं, ऐका. आपले स्टोअरकाका पाकीट घेऊन ताईंच्या कंट्रोलरूममध्ये गेले. सवयीने गेले, सगळीकडे जातात तसे. ताईंनी विचारलं, "काय काका, आता कोण चाललं?"

काका पाकीट पाठीमागे लपवायला लागले.

"अहो, नाव तरी सांगा. माणूस बघून देईन."

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही."

स्टोअरकाका, मान खाली घालू नका. तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. तुम्ही ते पाकीट तसंच मागे नेणार होतात, हे ताईंनीच मला सांगितलं. पण तुमचा चेहरा इतका पडला की ताईंना तुमचीच दया आली. त्यांनी पर्स उघडली आणि स्वतःच्या निरोपाला वर्गणी दिली. वर म्हणाल्या, "जाऊ द्या काका, माझ्याकडून कमी पडायला नको."

हसा. मीही हसले होते, पण थोडा वेळच. कारण पुढच्या आठवड्यात ताईंना एचआरमध्ये बोलावलं. जाताना ताई मला सोबत घेऊन गेल्या, त्यामुळे जे सांगते ते ऐकीव नाही. मॅडम, माझ्याकडून एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर दुरुस्त करा.

मॅडम म्हणाल्या, "ताई, आपण सगळे एक कुटुंब आहोत. तुमची तब्येत बघता तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेताय, ही फार समंजस गोष्ट आहे."

ताई म्हणाल्या, "मी घेतेय?"

"म्हणजे तयारी झालीच आहे ना सगळी."

"पण मी हो कधी म्हटलं?"

आणि मॅडमनी अत्यंत प्रेमाने, अगदी हात हातात घेऊन सांगितलं, "ताई, वर्गणी तर तुम्ही स्वतः दिलीत."

मी अभियंता आहे. मला सर्किट नेमकं कुठे तुटलं हे सहसा बघताक्षणी कळतं. त्या दिवशी कळलं नाही. एका बाईने चांगुलपणाने पाकिटात पैसे टाकले, आणि त्याला संमती म्हणतात, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि कुटुंबाचं म्हणाल, तर घरातल्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं की घरची माणसं जरा मोठ्याने बोलतात. त्याला केक भरवून दाराबाहेर सोडत नाहीत.

साहेब, घड्याळ मला दिसतंय. आभारी आहे.

आता ताईंपुढे टेबलावर ठेवलेल्या त्या निळ्या फाइलकडे बघा. शेजारी पेन आहे, रिबन बांधलेलं. हीसुद्धा आपली पद्धत. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही एचआरच्या खोलीत होत नाही, व्यासपीठावर होते. भाषणं झाली की सही, मग टाळ्या, मग फोटो. दिसायला फार सुंदर दिसतं. मला फक्त एक साधी शंका आहे. ज्या कागदावर माणसाने शांतपणे बसून, दोनदा वाचून, चार जणांना विचारून सही करायची, तो कागद सगळा हॉल टाळ्या वाजवत असताना, फोटोवाला "ताई, इकडे बघा" म्हणत असताना पुढे का करायचा? याचं उत्तर मी शोधायला गेले नाही. उत्तर त्या शेवटच्या रांगेत, दाराजवळ, काठी टेकून बसलं आहे.

टॉर्चकाका. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, काका आपले सर्वांत जुने फिटर. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात काम करताना त्यांचा गुडघा गेला. त्यानंतर त्यांचंही पाकीट फिरलं. याच व्यासपीठावर, याच टेबलावर त्यांनी सही केली, आणि माइकवर सांगितलं, "मी स्वखुशीने चाललोय. कंपनीने मला भरभरून दिलं." ते चित्रीकरण अजून आहे. काकांना नुकसानभरपाई मागायची होती तेव्हा सर्वांत आधी तेच पुढे आलं.

मी काकांना विचारलं, "काका, तुम्हाला जायचं नव्हतं, तर स्वखुशीने असं का म्हणालात?"

काका म्हणाले, "अगं पोरी, समोर एवढी माणसं, फुलं, फोटो. तिथे काय गळा काढू? आपल्या तोंडून चांगलंच बोललं जातं ना अशा वेळी."

बरोबर आहे. चांगलंच बोललं जातं. नको तितकं. काका वकिलाकडे गेले ते सगळं होऊन बरेच महिने लोटल्यावर. वकीलबाई त्यांना म्हणाल्या, "काका, हे वरातीमागून घोडं झालं. बघते काय करता येतं ते, पण आधी का नाही आलात?" आणि काकांनी जे उत्तर दिलं ते या हॉलमधल्या निम्म्या लोकांचं उत्तर आहे: "वकिलाकडे जायचं म्हणजे भांडण होतं ना बाई."

माझा वैताग नेमका इथे आहे, आणि तो फक्त व्यासपीठावरच्या मान्यवरांवर नाही. तो तुमच्यावरही आहे. जास्तच आहे.

ताईंची बातमी फुटल्यावर कँटीनमध्ये त्यांना जे सल्ले मिळाले ते मी माझ्या कानांनी ऐकले. एक जण म्हणाला, "सही कर, पण वाकडी कर. उद्या कोर्टात म्हणता येतं की ही माझी नाही." दुसरा म्हणाला, "सहा महिने गप्प बस, मग आपोआप हक्क लागतो." कशावर लागतो, ते त्याला माहीत नव्हतं. तिसऱ्याचा मेव्हणा एका वकिलाच्या सोसायटीत राहतो, म्हणून त्याला कायदा येतो. अहो, तुम्ही लिफ्टवाले आहात! लिफ्टचा दोर बदलायचा की नाही हे तुम्ही मेव्हण्याला विचारता का? दोराला एक तार तुटलेली दिसली तर लिफ्ट बंद करता, मोठ्या साहेबाची असली तरी बंद करता, आणि तपासणाऱ्याला बोलावता. मग स्वतःच्या नोकरीचा दोर झिजताना दिसतो तेव्हा कँटीनमध्ये चहा पीत बसता?

माइक बंद पडलेला नाही. कुणीतरी बंद केला आहे. या दोन्हींतला फरक मला कळतो. हरकत नाही, मी मोठ्याने बोलते. मागच्या रांगेपर्यंत येतंय ना? टॉर्चकाका काठी वर करताहेत, म्हणजे येतंय.

तर, मी ताईंना घेऊन त्याच वकीलबाईंकडे गेले. त्या फक्त नोकरीचे आणि कामगारांचे खटले चालवतात. झेरॉक्सच्या दुकानावर माडी, दोन खुर्च्या, आणि तिसऱ्या खुर्चीवर फायली. भांडण वगैरे काही झालं नाही. वकीलबाईंनी प्रश्न विचारले.

"राजीनामा दिलात?"

"नाही."

"कामावरून काढल्याचं लेखी काही मिळालं?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशासाठी आलात?"

"माझा निरोप समारंभ आहे."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कुणी ठरवला?"

"समितीने. हॉलपण बुक झालाय हो आता."

"बाई, हॉल बुक झाला म्हणून लग्न लागत नाही. तुम्ही हो म्हणावं लागतं."

ताई थोड्या कुचंबल्या. मग म्हणाल्या, "पण मी वर्गणी दिलीय."

"कशाची?"

"माझ्याच निरोपाची."

वकीलबाई इतक्या हसल्या की खालून झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माफ करा. तुम्हाला हसले नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, पण हे नवीन आहे."

मग त्या गंभीर झाल्या, आणि जे म्हणाल्या ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगते. "जिंकाल असं मी आज सांगत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण आज तुम्ही नोकरीत आहात, म्हणून आज बरंच काही करता येतं. काम करताना इजा झाली असेल तर त्याचे हक्क असतात. तुम्हाला झेपेल अशी जागा किंवा सोय मागता येते. कंपनीला नकोच असाल, तर तिने ते कारणासकट लेखी सांगावं, मग त्या कारणाचं काय करायचं ते बघू. सही केलीत की मात्र परतीचे दोर तुम्हीच कापले. तिथून पुढे मी फक्त गाठी मारू शकते."

त्यांनी ताईंना कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. "कमी ऐकू येतं" एवढं नको, "कशामुळे" तेही लिहून घ्या, असं बजावून पाठवलं. ताईंकडून साधं निवेदन करून घेतलं: मी काम करू इच्छिते, हेडसेटची सोय करून द्यावी. ते ताईंनी दिलं आहे, साहेबांच्या कार्यालयात पोहोचलं आहे, आणि त्याची प्रत ताईंच्या घरी आहे. घरी, ऑफिसच्या खणात नाही. उत्तर अजून आलेलं नाही. निमंत्रणपत्रिका मात्र आली. छापील.

निघताना ताईंनी घाबरतच फी विचारली. त्या पहिल्या भेटीला जे लागलं, त्यापेक्षा समोरचा तो केक महाग पडला असेल. हे मुद्दाम सांगतेय, कारण अर्धे लोक या एका भीतीने जिना चढत नाहीत.

मी वकील नाही. कायद्याचे तपशील जागेगणिक, कामागणिक, करारागणिक बदलतात, म्हणून ते मी इथे सांगणार नाही, आणि माझ्या बोलण्यावर कुणी काही ठरवूही नये. पण कधी जायचं, एवढं तरी मला आता कळलंय. कुणी म्हणालं की आजच सही करा, घरी नेऊन वाचायला वेळ नाही, तर जा. कामामुळे शरीराला काही झालं तर जा, बरं वाटायची वाट बघू नका. तुम्ही तक्रार केली आणि त्यानंतर अचानक तुमची पाळी, जागा, साहेब सगळंच बदललं, तर जा. आणि स्वेच्छा ही ज्याची त्याने सांगायची गोष्ट आहे. ती दुसऱ्याच कुणी येऊन तुम्हाला कळवली, तर डबा अर्धा टाकून उठा आणि जा. गेलात म्हणजे खटला भरलात असं होत नाही. बहुतेक वेळा वकील एवढंच सांगतो की हे पत्र लिहा, ते लिहू नका, आणि घरी जाऊन झोपा. पण तक्रारींना मुदत असते. वकीलबाई म्हणाल्या, "ती मुदत तुम्ही रडत बसलात तरी सरकते, आणि मेव्हण्याचा सल्ला घेत बसलात तरी सरकते."

आता एक नाजूक गोष्ट. ताईंच्या थोरल्या भगिनी, ज्यांना ताई अक्का म्हणतात, त्यांना आज कंपनीने गाडी पाठवून आणलं. अक्का, तुमचा मान ठेवून बोलते. मी घरी आले होते तेव्हा तुम्ही ताईंना म्हणालात, "मिळतंय ते घे आणि सन्मानाने बाहेर पड. चार लोकांत शोभा नको." ताई म्हणाल्या, "अक्का, पण मी बाहेर पडतच नाहीये." तर तुम्ही म्हणालात, "या वयात वकिलाची पायरी चढतेस? लोक काय म्हणतील?"

मला तुमचा राग आला होता. नंतर कमी झाला. तुम्ही बहिणीसाठी भीत होतात, आणि भीती वाटण्यासारखं आहेच. पण अक्का, लोक काय म्हणतील हा प्रश्न असेल, तर लोक इथेच बसले आहेत. यांनाच विचारू. लिफ्टमध्ये अडकल्यावर यांच्यातले निम्मे ज्या ताईंशी बोललेत, त्यांना कान गेल्यावर घरी पाठवा असं कुणाचं म्हणणं आहे? हात वर करा.

एकही नाही. समितीतलेसुद्धा नाहीत. मग हा कार्यक्रम ठरवला तरी कुणी?

समितीवरून आठवलं. भेटवस्तूचा तो मोठा खोका पाहिला मी. गाणी ऐकायचं यंत्र आहे, दोन स्पीकरचं. ज्या बाईचा एक कान हेडसेटने गेला, तिला दोन स्पीकर. समितीचे सचिव मला म्हणाले, "ताईंना आवाजाची आवड आहे ना!" हेतू चांगला होता. आपल्याकडे सगळ्यांचा हेतू नेहमी चांगला असतो, तीच तर अडचण आहे.

तुम्हाला वाटेल, ताईंनी आज यायचंच नव्हतं. वकीलबाईही तेच म्हणाल्या होत्या: "नाही गेलात तरी चालेल." पण ताई म्हणाल्या, "लोकांनी फुलं आणलीत. मी नाही गेले तर वाईट दिसेल." मग वकीलबाई म्हणाल्या, "जा. पण सही करू नका, आणि 'स्वखुशीने' हा शब्द तोंडातून काढू नका." ताईंना न दिसणाऱ्या माणसाशी तासभर बोलता येतं, दिसणाऱ्या शंभर जणांपुढे मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी जे काही बोलले ते त्यांच्या परवानगीने. एक गोष्ट त्यांनी वगळायला सांगितली होती, ती मी वगळली आहे. मॅडम, ती तुमच्याबद्दल होती, आणि ती वगळा असं सांगणं हाच ताईंचा मनमिळाऊ स्वभाव. तुमचा पहिला मुद्दा.

आणि उद्या माझ्यासाठी पाकीट फिरायला लागलं, तर स्टोअरकाका, कृपा करून आधी मला सांगा. मी वर्गणी देणार नाही.

समारोप करते. अध्यक्ष महोदय आणि साहेबांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. आयोजन समितीचे आभार. फुलं खरोखर सुंदर आहेत, ती ताईंना अवश्य द्या, फुलं घ्यायला सही लागत नाही. टॉर्चकाका एवढ्या लांबून एका पायावर आले, त्यांचे आभार. वेळेची मर्यादा मी पाळली नाही, दिलेल्या मुद्द्यांवर बोलले नाही, आणि पाहुण्यांसमोर आवाज चढवावा लागला, तो माइकमुळे. या सगळ्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी.

खाली बसण्याआधी ताईंना एकच प्रश्न विचारायचा आहे. त्यांच्या वतीने सगळं मला बोलता येतं, पण हे उत्तर त्यांचंच असायला हवं, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन विचारते.

ताई, तुम्ही राजीनामा दिला आहे का? देणार आहात का?

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. ताई म्हणाल्या, "नाही. आणि नाही." निळी फाइल त्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांच्या पुढे सरकवली आहे, पेनासकट. अध्यक्ष महोदयांनी हे पाहिलं आहे, त्यांनी मान हलवली. हे इतिवृत्तात यावं अशी नम्र विनंती.

आणि ताई अक्कांना सांगताहेत, "उद्या मला डबा लागेल."

थांबा, अक्का काहीतरी विचारताहेत. जरा शांत राहा, ऐकू द्या. त्या विचारताहेत, कामाची पाळी कुठली, म्हणजे त्यांना त्या हिशेबाने डबा करायला उठता येईल.

सकाळची, अक्का.